होस्टेलमधल्या मुलाला ताप येतो तेव्हा

गेल्या वर्षीची ऑगस्टमधली शनिवारची रात्र. इशाची नमाज झाली होती. बाहेर चिपळूणचा पाऊस कोसळत होता आणि मी नववीच्या चाचणीचे उर्दूचे पेपर तपासत बसले होते. पावणेअकराला मुलाच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर आवाज दुसऱ्याचाच.

"काकू, मी त्याच्या खोलीतला. घाबरू नका, पण त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय. रेक्टर सरांना उठवलंय, रिक्षा आलीय. आम्ही त्याला दवाखान्यात नेतोय."

माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारपासून मी रोज त्याच्याशी बोलत होते. "अम्मी, जरा सर्दी झालीय," एवढंच तो सांगत होता. मीही "गरम पाणी पी, लवकर झोप" म्हणून फोन ठेवत होते. त्या रात्री कळलं की तो चार दिवस अंथरुणात पडून होता. खोलीत चौघे राहतात. सुट्टीला जोडून दोघे गावी गेले होते. लातूरकडचा हा एक मुलगा तेवढा मागे राहिला होता, म्हणून फोन तरी आला.

पहाटेच्या गाडीने मी आणि त्याचे अब्बा निघालो. कुंभार्ली घाट, कराड, सातारा करत पुणे गाठेपर्यंत दुपार झाली. त्या प्रवासात दोघांनीही घोटभर चहा घेतला नाही. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्याला सलाइन लावलेलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. फ्लू झाला होता आणि त्यातून न्यूमोनिया. चार दिवस दाखल राहून अल्लाहच्या कृपेने तो बरा झाला. आज धडधाकट आहे. पण त्या चार दिवसांत त्याच्या खाटेशेजारी बसून मी जे शिकले, ते बीएडच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. आपली अनेक मुलं-मुली शिकायला घराबाहेर आहेत, पुढच्या जून-जुलैत आणखी जातील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

"तूच सांगितलं होतंस"

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागला तेव्हा मी विचारलं, "अरे, इतकं झालं आणि तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "अम्मी, तूच सांगितलं होतंस ना, परक्या ठिकाणी कुणाला त्रास द्यायचा नाही."

खरं होतं. घरातून निघताना मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नमाज सोडू नको, पैसे जपून वापर आणि कुणाला त्रास देऊ नको. तिसरी गोष्ट त्याने इतकी मनापासून पाळली की रात्री तहान लागली तरी शेजारच्या मुलाला उठवलं नाही. रेक्टरना सांगितलं तर आपण नाजूक आहोत असं वाटेल, आणि घरी सांगितलं तर अम्मीचं ब्लडप्रेशर वाढेल, अब्बा दुकान बंद करून येतील, असा त्याने विचार केला. आपण मुलांना सोशीक बनवतो आणि तो गुण आहे असं समजतो. पण आजारात मदत मागणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हे, हे वाक्य मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी शांतपणे चूक दाखवली. ताप आला, त्यात काही विशेष नव्हतं. पहिले चार दिवस तो पडून राहिला हेही योग्यच होतं. शुक्रवारी ताप उतरला, म्हणून सबमिशनची फाईल द्यायला तो पावसात कॉलेजात गेला. शनिवारी सकाळी ताप परत आला आणि खोकल्याबरोबर छातीत दुखू लागलं. "उतरलेला ताप परत चढला, त्याच वेळी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, "रात्रीपर्यंत थांबायला नको होतं."

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे

आपल्या बोलण्यात सर्दी, ताप, फ्लू, व्हायरल हे सगळं एकच असतं. प्रत्यक्षात फरक आहे. साधी सर्दी हळूहळू येते, बहुधा आधी घसा, मग नाक. फ्लू अचानक येतो. दुपारी क्रिकेट खेळलेला मुलगा संध्याकाळी अंथरूण धरतो. १०१-१०२ पर्यंत ताप, थंडी, डोकेदुखी, हाडं मोडल्यासारखं अंग, कोरडा खोकला, घसादुखी आणि उठवत नाही इतका थकवा ही त्याची ओळख. कारण आहे इन्फ्लुएन्झा नावाचा विषाणू. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम असतात. एक थंडीत, जानेवारी ते मार्च, आणि दुसरा पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी. म्हणजे एक परीक्षांच्या तोंडावर आणि एक कॉलेज नुकतं सुरू झाल्यावर.

पुण्याला फ्लू नवा नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, एका शाळकरी मुलीचा. तोंडाला रुमाल बांधून फिरणारं पुणे आपण टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा माझा हा मुलगा तीन-चार वर्षांचा होता. तो विषाणू पुढे नेहमीच्या मोसमी फ्लूपैकीच एक होऊन गेला.

होस्टेल हे फ्लूचं आवडतं ठिकाण. एका खोलीत तीन-चार खाटा, पावसामुळे बंद खिडक्या, एकच मेस, एकच पाण्याचा कूलर, एकाचा पेला दुसऱ्याच्या तोंडाला. खोकण्या-शिंकण्यातून उडणारे थेंब पाच-सहा फुटांपर्यंत जातात. दाराची कडी, मोबाइल, नळ यांवरही विषाणू काही तास, कधी दिवसभरही टिकतो. लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांनी त्रास सुरू होतो आणि त्याच्या एक दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना आजार देऊ लागतो. पुढचे पाच ते सात दिवस हे चालू राहतं. म्हणून फ्लू झाला यात कुणाचा दोष नसतो, पण तो पसरू नये यासाठी प्रत्येकाला काहीतरी करता येतं.

धडधाकट तरुण बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप बरा होतो. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडेही रेंगाळतो. त्यामुळे भीती बाळगायचं कारण नाही, लक्ष ठेवायला मात्र हवं.

ताप येण्याआधी: एक डबा

आता माझ्या मुलाच्या कपाटात बिस्किटांचा एक रिकामा डबा आहे. त्यात थर्मामीटर, पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचं एक पाकीट, ओआरएसची चार पाकिटं, चार-पाच मास्क, मधाची छोटी बाटली, मीठ आणि एक कागद आहे. सगळं मिळून फारसा खर्च येत नाही. काऱ्याचा म्हणा, डिजिटल थर्मामीटर घ्यावा, काचेचा होस्टेलमध्ये टिकत नाही. "अंग गरम लागतंय" आणि "१०२ आहे" यात डॉक्टरांच्या दृष्टीने फार फरक असतो.

त्या कागदावर रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, दमा किंवा इतर जुना आजार असल्यास तो, आमचे दोघांचे नंबर, पुण्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर, रेक्टर आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहिला आहे. हाच कागद खोलीतल्या सोबत्याकडेही आहे. माझ्या मुलाचा मोबाइल कुलूपबंद होता. त्या रात्री लातूरच्या मुलाने त्याचं बोट धरून तो उघडला, म्हणून माझा नंबर सापडला. प्रत्येक वेळी असं सुचेलच असं नाही.

आरोग्य विम्याचं कार्ड किंवा कॉलेजचं विमापत्र असेल तर त्याची प्रतही त्याच डब्यात ठेवावी. आधार कार्डची झेरॉक्सही.

पहिले तीन दिवस

ताप आला की पहिलं काम म्हणजे सांगणं. खोलीतल्या एकाला आणि रेक्टरला. घरीही सांगावं आणि खरं सांगावं.

दुसरं काम म्हणजे झोपणं. "एवढं लेक्चर करून येतो" म्हणून तापात वर्गात गेलं तर स्वतःचे दोन दिवस वाढतात आणि बाकावरच्या चौघांना आजार मिळतो.

तिसरं, पाणी. तापात घामाने पाणी जातं आणि भूक नसल्यामुळे आत काही जात नाही. खाटेजवळ भरलेली बाटली ठेवावी, दर थोड्या वेळाने दोन-चार घोट घ्यावेत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते पेल्यात अर्धं-अर्धं टाकू नये. पाकिटावर लिहिलं असेल तितकंच पाणी घ्यावं. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा सात-आठ तास झालीच नसेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं.

खाण्याची जबरदस्ती नको, पण उपाशीही राहू नये. मेसच्या काकांना किंवा मावशींना सांगितलं तर मऊ भात, मुगाची खिचडी, वरणाचं पाणी मिळतं. बहुतेक मेसवाले आजारी मुलासाठी एवढं करतात, सांगायला मात्र हवं. कोकणातल्या आपल्या घरांत तापकऱ्याला पेज देतात. भाताची ती पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून, होस्टेलच्या मेसमध्येही होऊ शकते. जवळ कुणी ओळखीचं घर असेल तर कोंबडीचा पातळ शोरबा मागवावा. तो घशाला बरा वाटतो आणि अंगात पाणीही जातं.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि चमचाभर मध यांनी घसा आणि खोकला हलका होतो. वाफ घेताना सांभाळावं. होस्टेलमध्ये खाटेवर किटली ठेवून, डोक्यावर चादर घेऊन वाफ घेताना भाजण्याची भीती असते. वाफेने फ्लू बरा होत नाही, नाक थोडं मोकळं वाटतं इतकंच.

गोळ्यांचा हिशेब

माझा मुलगा इथेच सर्वांत जास्त चुकला. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल घेत होता आणि सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली दुसरी गोळी घेत होता. त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल होतंच. म्हणजे एकच औषध दुप्पट जात होतं. प्रमाणाबाहेर पॅरासिटामॉल घेतलं तर यकृताला इजा होते. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय हवी. मोठ्या माणसासाठी ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही, हा साधा हिशेब लक्षात ठेवावा. कावीळ किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. घेतलेल्या गोळीची वेळ कागदावर लिहून ठेवावी. तापाच्या ग्लानीत "मघाशी घेतली का?" हे आठवत नाही.

दुसरी चूक म्हणजे मित्राकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या त्याने घेतल्या. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. फ्लू विषाणूचा आजार आहे, त्यामुळे त्या गोळ्यांचा फ्लूवर काही उपयोग नव्हता. पुढे न्यूमोनियासाठी त्याला अँटिबायोटिक द्यावंच लागलं. ते डॉक्टरांनी तपासून, ठरवून दिलं आणि त्याचा पूर्ण कोर्स केला. अर्धवट कोर्सच्या उरलेल्या गोळ्या वाटून घेणं ही होस्टेलमधली फार वाईट सवय आहे. आणि खरं सांगायचं तर ती आपल्या घरातूनच जाते. फ्रिजवरच्या डब्यातून "ही घे, मागच्या वेळी मला लागू पडली होती" असं आपणच म्हणतो.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. या दिवसांत डेंग्यू, मलेरिया आणि आपल्या कोकणात लेप्टो, हे सगळे सुरुवातीला फ्लूसारखेच दिसतात. डेंग्यूत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणून अंग दुखतंय म्हणून मनाने तसली गोळी घेऊ नये. १८ वर्षांखालच्या मुलांना तर फ्लूमध्ये ॲस्पिरिन देऊच नये. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर डॉक्टरांकडे जावं आणि ते सांगतील त्या रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात.

फ्लूवर ओसेल्टामिवीर नावाचं औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा फायदा जास्त होतो. पण ते प्रत्येकाला लागत नाही आणि कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात. ज्यांना दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी वाट न पाहता पहिल्याच दिवशी दाखवावं.

ही चिन्हं दिसली तर रात्र काढू नका

हा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. पुढीलपैकी काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहू नये:

– श्वास लागणं, बोलताना वाक्य पुरं न होणं
– छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं वाटणं
– उतरलेला ताप किंवा खोकला पुन्हा जोराने येणं
– असंबद्ध बोलणं, गुंगीत राहणं, जागं करूनही नीट जागं न होणं
– ओठ किंवा नखं निळसर होणं
– उलट्या न थांबणं, पाणीही पोटात न टिकणं, लघवी बंद होणं
– फिट येणं
– उभं राहता येणार नाही इतकी चक्कर किंवा अशक्तपणा
– अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेक घरांत पडून आहे. तो मुलाबरोबर द्यावा. ९५ च्या वर आकडा असेल तर साधारण ठीक, ९४ किंवा त्याहून कमी येत असेल तर दवाखाना गाठावा. पण आकडा चांगला आहे म्हणून वरची चिन्हं नजरेआड करू नयेत.

खोलीतल्या सोबत्यांसाठी

आजाऱ्याची विचारपूस करणं ही आपल्याकडे मोठी नेकी मानली जाते. फ्लूमध्ये ती दारातूनही करता येते. दहा जणांनी खाटेवर बसून गप्पा मारण्याची गरज नाही. एकाने जबाबदारी घ्यावी. सकाळी, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी दार वाजवावं, आत डोकावून "ताप किती? पाणी प्यायलास का? श्वास ठीक आहे का?" हे तीन प्रश्न विचारावेत. "ठीक आहे" एवढ्या उत्तरावर जाऊ नये, चेहरा पाहावा. जेवण, पाणी दारात ठेवावं. आत जाताना दोघांनीही मास्क लावावा, बाहेर आल्यावर २० सेकंद साबणाने हात धुवावेत.

खोली बदलता येत असेल आणि होस्टेलमध्ये आजाऱ्यासाठी वेगळी खोली असेल तर उत्तम. नसेल तर खाटा शक्य तितक्या लांब कराव्यात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाकडे येईल असं झोपावं. पाऊस असला तरी खिडकी थोडी उघडी ठेवावी. पेला, टॉवेल, चमचा वेगळा असावा. खोकताना तोंड कोपरात घ्यावं, हातावर नाही. पण आजाऱ्याला वेगळं ठेवायचं म्हणजे एकटं पाडायचं नाही. सगळे सुट्टीला जाणार असतील तर शेजारच्या खोलीत किंवा रेक्टरकडे सांगूनच जावं. आमच्या मुलाच्या बाबतीत हेच राहून गेलं. आणि लातूरचा तो मुलगा राहिला, म्हणून आज मी हे लिहू शकते आहे.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

ताप ऐकला की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "निघ आणि घरी ये." तापात सहा-सात तास एसटीत बसून यायला सांगू नये. त्याचा आजार वाढतो, गाडीतल्यांना लागण होते आणि घरात दादी-दादा, लहान मुलं असतील तर त्यांनाही. लांबून आलेला नातू पाहून दादी मिठी मारणारच. म्हातारपणी फ्लू जड जातो. गरज पडली तर आपण जावं, त्याला आणू नये.

दुसरं, फोनवर औषध सांगू नये. तिसरं, "मी सांगितलं होतं ना पावसात भिजू नको" हे आता म्हणू नये. ओरडा बसणार हे माहीत असलं की मूल पुढच्या वेळी लपवतं. फ्लू भिजल्याने होत नाही, विषाणूने होतो.

फोनवर "कसा आहेस?" असं विचारलं की "बरा आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी ताप किती, किती वाजता मोजला, आज काय खाल्लं, लघवी किती वेळा झाली, पायऱ्या चढताना दम लागतो का, खोलीत बरोबर कोण आहे, असं विचारावं. शक्य असेल तर व्हिडिओ कॉल करून चेहरा पाहावा. मी पाच दिवस फक्त आवाज ऐकत होते, आणि तो फोन उचलण्याआधी घसा साफ करून घेत होता, हे मला नंतर कळलं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची. पाळीच्या दिवसांत ताप आला तर अनेक मुली थकव्याचं कारण तेच समजून गप्प राहतात. पुरुष रेक्टर किंवा डॉक्टर असेल तर बोलायला लाजतात. मुलीला आधीच सांगून ठेवावं की महिला वॉर्डनला, मोठ्या वर्गातल्या एखाद्या आपाला किंवा थेट अम्मीला सांग. आजारात लाजून बसायचं नाही.

हजेरी आणि परीक्षा

आजारी असतानाही उठून जाण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हजेरी असते. ७५ टक्क्यांची भीती आणि सबमिशनची तारीख. त्यावर उपाय कागदाचा आहे. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना मेल करावा, नुसता निरोप नाही. डॉक्टरांकडून तारखांसह प्रमाणपत्र घ्यावं, औषधांच्या पावत्या आणि रिपोर्ट जपून ठेवावेत. बरं झाल्यावर मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मागत फिरणं अवघड जातं. एक शिक्षिका म्हणून सांगते, वेळेवर कळवलेल्या मुलाला मदत करायची इच्छा बहुतेक शिक्षकांची असते.

वर्गात केव्हा परतावं? तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हा. तोही पहिला दिवस अर्धाच. खेळ, जिम, जिने धावत चढणं आठवडाभर नको. ताप उतरला म्हणजे शरीर सावरलं असं नसतं. आमचा शुक्रवार हेच सांगून गेला.

रोजा आणि नमाज

सध्या रमजान थंडीच्या शेवटी, फ्लूच्या हंगामातच येतो. होस्टेलमधली मुलं तापातही रोजा सोडायला तयार होत नाहीत, त्यांची ही आवड मोलाची आहे. पण कुरआनने आजारी माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत स्पष्ट दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. जोराच्या तापात दिवसभर पाणी न पिणं धोक्याचं ठरू शकतं. नमाज बसून, तेही जमलं नाही तर पडून अदा करता येते. थंड पाण्याने आजार वाढण्याची भीती असेल तर तयम्मुमची सोय आहे. लागण होण्याच्या दिवसांत मशिदीच्या सफेत न जाता खोलीत नमाज पढावी, म्हणजे शेजारी उभ्या राहणाऱ्यालाही आजार लागणार नाही. काही शंका असेल तर जवळच्या आलिमांना फोन करून विचारावं.

लस

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपलं रूप बदलत राहतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. ती घेतली की फ्लू होणारच नाही असं नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते. दमा किंवा इतर जुना आजार असलेल्या मुलांनी होस्टेलमध्ये जाण्यापूर्वी डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावं.

आता मी काय सांगते

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेतली मुलं पुणे, मुंबई, कोल्हापूरकडे निघतात. दाखला न्यायला येतात तेव्हा मी त्यांना थांबवून पाच मिनिटं बोलते. डब्याची यादी देते आणि एक वाक्य पाठ करून घेते, "मला बरं नाही, माझ्याकडे लक्ष ठेवशील का?" मुलं हसतात. मुलगे तर जास्तच हसतात. मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेते. उर्दूत, मराठीत, ज्याला जमेल तसं. जे वाक्य कधी तोंडातून निघालेलं नसतं, ते तापात एकदम निघत नाही.

या जानेवारीत लातूरच्या त्या मुलाला ताप आला. माझ्या मुलाचा फोन आला, "अम्मी, १०२ आहे. रेक्टर सरांना सांगितलंय, त्याच्या आईलाही फोन केलाय. मेसमधून पेज करून घेतलीय, तिला ते पेज म्हणत नाहीत, पण काकांना कळलं." रात्री अकराला पुन्हा फोन आला. "आत्ताच दार वाजवून आलो. जागा होता. पाणी प्यायला."

तो पाच दिवसांत बरा झाला. त्याच्या आईशी मी फोनवर बोलले. तिला मी कधी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "ताई, तुमचा मुलगा होता म्हणून मी निश्चिंत होते." मी तिला म्हटलं, "ऑगस्टमध्ये मी तुमच्या मुलाच्या भरवशावर होते."

अल्लाह सगळ्यांच्या मुलांना परगावी सुखरूप ठेवो, आणि प्रत्येकाला दार वाजवणारा एक तरी सोबती देवो. आमीन.